दोघांची बोट

या मालिकेत आतापर्यंत आपण समुद्राचा इतिहास पाहिला तो माणसांच्या गर्दीतून. आरमारं, व्यापारी ताफे, बंदरं, जकाती. एकेका जहाजावर शंभर-दोनशे खलाशी. आजच्या व्याख्यानात माणसं फक्त दोन आहेत. नवरा आणि बायको. आणि सोबत एक शिडाची बोट, जी त्या दोघांना जराशी मोठी आहे.

विषय ऐकून काहींना वाटेल की हा इतिहास कसा, हा तर श्रीमंतांचा छंद. वाटणं साहजिक आहे. पण छंदांनाही इतिहास असतो, आणि कधीकधी तो राजा-महाराजांच्या इतिहासापेक्षा जास्त बोलका असतो. दोन माणसांनी मिळून एखादं अवजड यंत्र चालवायचं, आणि ते अशा ठिकाणी की मदतीला हाक मारली तर ऐकायला कोणी नाही, तेव्हा काम कसं वाटलं जातं, शिकवतं कोण, शिकतं कोण, निर्णय कोणाचा, हे प्रश्न लगेच वर येतात. घरात ते वर्षानुवर्षं झाकून ठेवता येतात. बोटीवर एका वाऱ्याच्या रात्रीत उघडे पडतात.

आधी थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकात मोठं शिडाचं जहाज दोघांनी चालवायचं ही कल्पनाच अशक्य होती. पण कप्तानाची बायको जहाजावर असणं अशक्य नव्हतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे बरेच कप्तान बायकोला सोबत नेत. तिनं मागच्या केबिनमध्ये राहायचं, शिवणटिपण करायचं, मुलं झाली तर तीही तिथेच वाढवायची. जहाज चालवण्याशी तिचा संबंध नाही, असा रिवाज.

हा रिवाज एका प्रवासात कसा उलटला ते सांगतो. नेपच्यून्स कार नावाचं एक क्लिपर जहाज होतं. लांबी दोनशे सोळा फूट. कप्तान जोशुआ पॅटन, आणि त्याची बायको मेरी अ‍ॅन, बोस्टनजवळची. १८५३ मध्ये लग्न झालं तेव्हा ती सोळाचीही पूर्ण नव्हती. १८५५ मध्ये दोघं या जहाजावरून पहिल्या लांबच्या सफरीला निघाले. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, चीन, लंडन असा जवळजवळ दीड वर्षाचा फेरा. एवढ्या वेळात करायचं काय? मेरी नवऱ्याकडून नौकानयनाचं गणित शिकली. सेक्स्टंटनं सूर्याची उंची मोजायची, घड्याळ पाहायचं, तक्ते उघडायचे आणि नकाशावर टिंब करायचं. गरज म्हणून नाही, रिकामा वेळ होता म्हणून.

पुढच्याच सफरीत ते कामी आलं. १ जुलै १८५६ ला नेपच्यून्स कार न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं, म्हणजे केप हॉर्नला वळसा घालून. दुसऱ्या क्लिपरांशी शर्यत होती. पहिला मेट पहाऱ्यावर झोपायचा, म्हणून कप्तानानं त्याला बेड्या घातल्या आणि त्याचंही काम स्वतः करू लागला. जागरणं आणि आधीपासूनचा क्षय, दोन्ही मिळून केप हॉर्नच्या सुमारास तो कोसळला. दुसऱ्या मेटला जहाज हाताळता येत होतं, पण आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे काढता येत नव्हतं. ते फक्त एकाच व्यक्तीला येत होतं. ती एकोणीस वर्षांची होती आणि गरोदर होती. बेड्यांतल्या मेटनं कळवलं की मला सोडा, मी जहाज नेतो. मेरीनं नकार दिला. नवऱ्यानं ज्याच्यावर विश्वास टाकला नाही त्याच्यावर मी टाकणार नाही, असं तिचं म्हणणं. खलाशी तिच्या बाजूनं उभे राहिले. १५ नोव्हेंबरला जहाज सॅन फ्रान्सिस्कोत पोचलं. विमा कंपन्यांनी तिला एक हजार डॉलर बक्षीस दिलं. पुढच्या मार्चमध्ये मुलगा झाला, जुलैमध्ये नवरा गेला, आणि १८६१ मध्ये, चोवीस पूर्ण व्हायच्या आत, ती स्वतः क्षयानं गेली.

या गोष्टीत लोक धाडस बघतात. आहेच ते. पण आम्हाला त्यातली एक कोरडी बाब जास्त महत्त्वाची वाटते. ज्ञान दोन डोक्यांत होतं म्हणून जहाज वाचलं. ते फक्त कप्तानाच्या डोक्यात असतं तर मेरीचं धैर्य कितीही असतं तरी उपयोग नव्हता. आज ज्या जोडप्यांबद्दल बोलायचं आहे त्यांच्या बाबतीतही शेवटी प्रश्न हाच राहतो.

आता विसाव्या शतकात येऊ. मधल्या काळात सामान बदललं, आणि त्याशिवाय पुढचं काही घडलं नसतं, म्हणून दोन मिनिटं त्यावर. जुनं चौकोनी शीड वरच्या जड वाशासकट ओढून चढवावं लागे. त्याच्या जागी एकाच दोरानं चढणारं उंच तिकोनी शीड आलं. सुती कापड भिजलं की जड व्हायचं, कुजायचं. १९५० च्या दशकात टेरिलिनची शिडं मिळू लागली. गिअरचे विंच आले, त्यामुळे एका हाताचं बळ कित्येक पटींनी वाढलं. आणि १९३३ मध्ये जी. आय. टेलर या केंब्रिजच्या पदार्थवैज्ञानिकानं एक नवा नांगर काढला. जुन्या नांगरापेक्षा खूप हलका, पण तळाच्या मातीत रुतून बसणारा, कारण त्याचा आकार शेतातल्या नांगराच्या फाळासारखा. इंग्रजीत त्याला ‘प्लाउ अँकर’ म्हणू लागले. मराठीत मात्र गंमत आहे. आपल्याकडे शेतातला तोही नांगर आणि बोटीचा तोही नांगर. टेलरसाहेबांना मराठी येत असतं तर नाव शोधायला वेळ लागला नसता.

या सगळ्यामुळे एक नवीच शक्यता निर्माण झाली. तीस, चाळीस, अगदी पंचेचाळीस फुटांची बोट दोन माणसं पगारी खलाशांशिवाय महासागरापार नेऊ शकतील, अशी. पण इथे एक गैरसमज होतो, तो आधीच दूर करतो. दोघं बोट चालवतात म्हणजे दोघं मिळून चालवतात असं नाही. समुद्रात बोट रात्री थांबत नाही. एक जागा, तर दुसरा झोपलेला. तीन-तीन, चार-चार तासांचे पहारे. म्हणजे चोवीस तासांतला बहुतेक वेळ बोट एकाच्याच हातात असते. लांबच्या प्रवासात नवराबायकोची गाठ पडते ती पहारा बदलताना आणि जेवताना. तेव्हा ‘दोघांना झेपेल एवढी बोट’ याचा खरा अर्थ होतो, त्या दोघांतल्या कमी ताकदीच्या माणसाला, रात्री तीन वाजता, एकट्याला झेपेल एवढी बोट. हे सूत्र कोणी लिहून ठेवलं म्हणून सांगत नाही. ज्या जोडप्यांच्या हकिगती आपण वाचतो त्यांतून ते आपोआप निघतं.

यातलं सगळ्यात विलक्षण जोडपं म्हणजे स्मीटन. माइल्स आणि बेरिल. यांचा हिंदुस्थानशी संबंध आहे. माइल्स ब्रिटिश हिंदी सैन्यात, हॉडसन्स हॉर्स या रिसाल्यात अधिकारी होता. पुढे ब्रिगेडियर झाला. बेरिल ही त्याच्याहून कांकणभर अधिकच. पहिल्या लग्नाच्या काळातच तिनं इराण, चीन, ब्रह्मदेश, दक्षिण अमेरिका इथे एकटीनं, बऱ्याचदा पायी किंवा घोड्यावरून, प्रवास केले होते. १९३८ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि १९३९ मध्ये त्यांनी हिंदुकुशातल्या तिरिच मीर या शिखराचा प्रयत्न केला. शिखर झालं नाही. पण सोबत एक तरुण शेर्पा होता, तेनसिंग नोर्गे. चौदा वर्षांनी तो एव्हरेस्टवर उभा राहिला.

युद्धानंतर हे दोघं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॉल्ट स्प्रिंग नावाच्या बेटावर शेती करू लागले. पैसे मात्र इंग्लंडमध्ये अडकलेले. तेव्हा पौंड देशाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध होते. मग त्यांनी एक युक्ती काढली. इंग्लंडमध्ये बोट विकत घ्यायची, ती समुद्रातून कॅनडाला आणायची आणि तिथे विकायची. पैसे आपोआप कॅनडात. हिशेब उत्तम होता. एवढंच की दोघांनाही शिडाची बोट चालवता येत नव्हती.

१९५१ मध्ये त्यांनी त्झू हँग ही बोट घेतली. शेहेचाळीस फूट, सागवानी, १९३८ मध्ये हाँगकाँगला बांधलेली, दोन्ही टोकांना निमुळती. नाव चिनी, करुणेची देवी क्वान यिन हिच्याशी जोडलेलं. दोन डोलकाठ्या, पुढची मोठी, मागची छोटी. या प्रकाराला केच म्हणतात. दोघांच्या दृष्टीनं याचा फायदा मोठा. एकच प्रचंड शीड असण्यापेक्षा तेवढंच कापड तीन-चार तुकड्यांत वाटलेलं. वारा वाढला की एखादा तुकडा उतरवायचा; बोट तोल राखते आणि कोणत्याही एका तुकड्याशी एकटा माणूस झटापट करू शकतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वारा दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट. हे गणित ज्यानं भर पावसात गच्चीवरची ताडपत्री धरून ठेवली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

तर नवरा, बायको आणि त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी क्लिओ, अशी ही मंडळी निघाली. शिकत शिकत. अटलांटिक ओलांडला, पनामा कालवा पार केला आणि बोट ब्रिटिश कोलंबियाला आणली. तिथे पोचल्यावर बोट विकायची होती, बरं का. विकली नाही. उलट काही वर्षांनी शेत विकलं आणि बोटीवरच राहायला गेले.

ते इतक्या लवकर कसे शिकले? आम्हाला वाटतं त्याचं उत्तर डोंगरात आहे. गिर्यारोहणात दोराला बांधलेली दोन माणसं आळीपाळीनं पुढे जातात. एक चढतो, दुसरा त्याला धरून ठेवतो, मग उलट. त्यात ‘मी चढतो, तू डबा घेऊन ये’ चालत नाही. स्मीटन दांपत्यानं हीच सवय बोटीवर आणली. शिवाय दोघंही एकाच वेळी अडाणी होते. एक जाणकार आणि दुसरा नवशिक्या असं असतं तर जाणकार आयुष्यभर जाणकार राहतो आणि नवशिक्या आयुष्यभर दोर धरून उभा. इथे ते झालं नाही.

आता त्यांच्या सर्वात प्रसिद्ध प्रवासाकडे येऊ. १९५६ मध्ये मेलबर्नला ऑलिंपिक झालं, तेव्हा त्झू हँग तिथेच होती. मुलगी शाळेसाठी इंग्लंडला. तिला भेटायला जायचं, तर दक्षिण महासागरातून, केप हॉर्नवरून जाऊ असं ठरलं. सोबत जॉन गझवेल नावाचा तरुण सुतार आला. तो स्वतः बांधलेल्या साडेवीस फुटी बोटीतून जगप्रदक्षिणा करत होता, ती न्यूझीलंडला ठेवून यांच्याबरोबर निघाला. आणि चौथी सवार, प्वे नावाची सयामी मांजर.

१४ फेब्रुवारी १९५७. दक्षिण पॅसिफिक, चिलीचा किनारा अजून कित्येक शे मैल दूर. वादळ चालू आहे. शिडं उतरवलेली, वेग कमी ठेवण्यासाठी मागे एक जाड दोरखंड सोडलेला, तो पाण्यात ओढला जातोय. सकाळचा पहारा बदलला आणि सुकाणूवर बेरिल बसली. पुरुष दोघं खाली. मागून एक लाट आली, जवळजवळ उभी भिंतच. बोटीचं शेपूट वर उचललं गेलं, नाक पाण्यात घुसलं आणि शेहेचाळीस फुटांची बोट कोलांटी उडी मारल्यासारखी उलटली.

बोट सरळ झाली तेव्हा दोन्ही डोलकाठ्या गेल्या होत्या, केबिनचं छप्पर उखडलं होतं, डेकवर काही फूट लांबरुंद भोक, आत कमरेएवढं पाणी. आणि सुकाणूवर कोणी नव्हतं. बेरिलची कमरेची दोरी तुटली होती. ती पाण्यात, बोटीपासून दूर, जखमी. ती मोडलेल्या डोलकाठीच्या पसाऱ्यापर्यंत पोहत आली आणि त्याला धरून बोटीकडे सरकत राहिली. दोघांनी तिला वर ओढून घेतलं. खांद्याला दुखापत, डोक्याला खोक. त्या अवस्थेत ती बादलीनं पाणी उपसायला उभी राहिली. तिघांनी पाणी उपसलं, गझवेलनं सुतारकाम करून भोकं बंद केली, उरलेल्या लाकडांतून डोलकाठी उभी केली आणि पाचेक आठवड्यांनी ते चिलीच्या किनाऱ्याला लागले. मांजरसुद्धा वाचली.

तिथे बोट दुरुस्त करायला बरेच महिने गेले. गझवेल परत गेला. आणि डिसेंबर १९५७ मध्ये ते पुन्हा निघाले. या वेळी दोघंच. पन्नाशी ओलांडलेली वा तिच्या उंबरठ्यावरची दोन माणसं आणि शेहेचाळीस फुटांची बोट. नाताळच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा वादळ. आधीच्या वेळी वाऱ्याबरोबर धावताना उलटली होती, म्हणून या वेळी त्यांनी दुसरा मार्ग धरला. सगळी शिडं उतरवली, सुकाणू बांधून टाकलं आणि बोट लाटांना आडवी, तरंगत सोडली. बोट पुन्हा उलटली, या वेळी कुशीवर पूर्ण गिरकी घेऊन. पुन्हा डोलकाठ्या गेल्या. पुन्हा दोघांनी पाणी उपसलं, तात्पुरती काठी उभी केली, आणि वालपरायसो गाठलं. १९५९ मध्ये माइल्सनं यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ, एकदा पुरे झालं!

हे पुस्तक समुद्रावर फिरणाऱ्यांनी पाठ्यपुस्तकासारखं वाचलं. मागे दोरखंड सोडावा की नाही? बोट आडवी ठेवावी की धावू द्यावी? या वादाचा एक परिणाम आपल्याला स्पष्ट दिसतो. फ्रेंच नाविक बर्नार मॉइतेसिए आणि त्याची बायको फ्रांस्वाझ, हे दोघं १९६५ च्या शेवटी ताहितीहून स्पेनकडे निघाले, केप हॉर्नवरून, न थांबता. त्यांची बोट जोशुआ, लोखंडी, चाळीसेक फूट, आणि डोलकाठ्या म्हणून चक्क तारायंत्राचे लाकडी खांब. वादळात त्यानंही मागे दोरखंड सोडले होते. बोट जड झाली, सुकाणूला दाद देईना. तेव्हा त्यानं ते दोर कापून टाकले आणि बोटीला मोकळी धावू दिली, प्रत्येक लाटेला थोडा कोन देत. १२६ दिवसांत चौदा हजारांहून जास्त सागरी मैल कापून दोघं सुखरूप पोचले. स्मीटन जोडप्याचं उलटणं त्याला माहीत होतं. म्हणजे एका जोडप्याच्या अपघातातून दुसरं जोडपं शिकलं. स्वतः स्मीटन यांनी १९६८ मध्ये, साठी पार केल्यावर, केप हॉर्नला अखेर वळसा घातला. तोही उलट्या दिशेनं, पूर्वेकडून पश्चिमेकडे.

एक चिठ्ठी आली आहे, ती मध्येच घेतो. विचारलंय, “पहिल्या अपघातात सुकाणूवर बाई होती म्हणून बोट उलटली, असं त्या वेळी कोणी म्हटलं नाही का?” प्रश्न चांगला आहे. उत्तर दुसऱ्या अपघातानं दिलं. तेव्हा सुकाणूवर कोणीच नव्हतं, तरी बोट उलटली. ती लाट कोणालाही उलटवणारी होती. बेरिल तिथे होती, कारण तो तिचा पहारा होता. बस एवढंच. आणि हे ‘एवढंच’ १९५७ मध्ये फार घरांत नव्हतं.

कारण बहुतेक जोडप्यांच्या बोटीवर वेगळा रिवाज होता, आणि अजून आहे. नवरा सुकाणूवर, बायको पुढे. बंदरात शिरताना नवरा मागे उभा राहून सूचना देतो आणि बायको हातात दोर घेऊन धक्क्यावर उडी मारते. नीट पाहिलं तर ही वाटणी उलटी आहे. सुकाणूला ताकद लागत नाही, अंदाज लागतो. ताकद लागते ती दोराला, नांगराला, बोट धक्क्यापासून दूर रेटायला. मग ही पद्धत आली कुठून? आमचा तर्क असा की ती पगारी खलाशांच्या काळातून आली. तेव्हा सुकाणू ही मालकाची जागा होती आणि दोर ही नोकरांची. नोकर गेले. त्यांच्या जागी कोण आलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

आता ज्या जोडप्यामुळे हा विषय आम्हाला घ्यावासा वाटला त्यांच्याकडे येतो. एरिक आणि सुझन हिस्कॉक. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेटावर राहणारे. एरिकची दृष्टी लहानपणापासून फार अधू. स्मीटन यांच्यासारखं यांच्या आयुष्यात नाट्य नाही. हे शिस्तीचे लोक. प्रत्येक गोष्ट मोजायची, लिहून ठेवायची. एरिकचं १९५० चं शिडाच्या भ्रमंतीवरचं पुस्तक आणि १९५९ चं लांबच्या सफरींवरचं पुस्तक, ही दोन पुस्तकं इंग्रजी वाचणाऱ्या किमान दोन पिढ्यांनी प्रमाण मानली. आणि यांच्या बोटींची नावंही सरळसाधी. वाँडरर दोन, वाँडरर तीन, चार, पाच. या आकड्यांतच आपला विषय आहे.

वाँडरर दोन चोवीस फुटांची. वाँडरर तीन, १९५२ मध्ये पाण्यात उतरलेली, तीस फुटांची. या तीस फुटांच्या बोटीतून दोघांनी १९५२ ते १९५५ पृथ्वीप्रदक्षिणा केली. घरी आले, आणि १९५९ मध्ये पुन्हा निघाले ते १९६२ मध्ये परतले. दुसरी प्रदक्षिणा. जोडप्यानं पृथ्वी फिरणं हे तोवर अगदीच नवं नव्हतं. पण हे काम एखाद्या पराक्रमासारखं न करता नीटनेटक्या संसारासारखं करता येतं, हे लोकांना यांनी दाखवलं. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात दोन सारखी शिडं पुढे दोन्ही बाजूंना पसरायची, त्यांचे दोर मागे आणून सुकाणूच्या दांड्याला बांधायचे. बोट वाट सोडू लागली की एका शिडावर ओढ वाढते आणि तीच सुकाणू वळवते. बोट स्वतःला हाकते, दोघंही झोपू शकतात. दोनाचं तीन करण्याची ही हिकमत. नंतर १९६० च्या सुमारास वाऱ्याच्या दिशेवर चालणारी स्वयंसुकाणूची यंत्रं आली आणि असल्या जोडप्यांचं जगच बदललं.

मग त्यांनी मोठी बोट घेतली. कारण अगदी घरगुती. घर विकून कायमचं बोटीवरच राहायचं ठरलं. साठीच्या आसपास वय. पुस्तकं, कागदपत्रं, फोटोग्राफीचं सामान, नीट झोपायला जागा हवी. म्हणून १९६८ मध्ये हॉलंडमध्ये वाँडरर चार बांधली गेली. पोलादी केच, एकोणपन्नास फूट.

तीसवरून एकोणपन्नास. ऐकायला दीडपटीहून थोडं जास्त. पण बोट ही लांबीनं वाढत नाही. घडण तीच ठेवून लांबी १.६ पट केली तर शिडाचं क्षेत्रफळ अडीच पटीच्या वर जातं आणि वजन चौपटीच्या वर. तीस फुटी बोट धक्क्याला आपटू लागली तर पाय लावून, दात-ओठ खाऊन थांबवता येते. त्याच्या चौपट वजनाच्या पोलादाला पाय लावायचा नाही, पाय जाईल. नांगर जड, साखळी जड. भिजलेलं मोठं शीड घडी घालणं हेच एक युद्ध. यंत्रं घ्यावी तर ती बिघडतात, आणि जे काम यंत्राशिवाय होत नाही ते यंत्र बिघडल्यावर कोण करणार? आधीच्या बोटीवर दोघांपैकी कोणीही एकटं जवळजवळ सगळं करू शकत होतं. आता काही कामांना दोघंही लागू लागले. म्हणजे पहाऱ्याचं गणित मोडलं. झोपलेल्याला उठवावं लागतं, दोघंही दमतात.

तरी हे दोघं वाँडरर चार घेऊन दहा-बारा वर्षं फिरले, न्यूझीलंडपर्यंत गेले, तिथे रमले. मोठी बोट शिकता येत नाही असं नाही. त्यांनी ती शिकून घेतली. पण वय वाढत गेलं तशी ती झेपेनाशी झाली, आणि त्यांनी न्यूझीलंडमध्ये पाचवी बोट बांधून घेतली. एकोणचाळीस फुटांची. दहा फूट कमी. ज्या माणसाची पुस्तकं वाचून लोक बोट निवडत होते त्यानंच मोठ्या बोटीवरून खाली उतरून हे जाहीरपणे लिहून ठेवलं, याचं आम्हाला फार कौतुक वाटतं. तज्ज्ञ असं सहसा करत नाहीत. १९८६ मध्ये एरिक गेला. सुझन १९९५ मध्ये. सगळ्या पुस्तकांवर नाव एरिकचं आहे. तिनं अर्धे पहारे केले, पण तिची बाजू आपल्याला त्याच्याच वाक्यांतून शोधावी लागते. बेरिल स्मीटननं निदान तिच्या जमिनीवरच्या भटकंतीची पुस्तकं स्वतः लिहिली.

आणखी एक चिठ्ठी आहे. “आपल्याकडे असं काही आहे का?” आपल्या कोळीवाड्यांत कामाची वाटणी पाण्याच्या रेषेवर होते. मासा होडीत येईपर्यंत पुरुषाचा, किनाऱ्याला लागल्यावर बाईचा. बाजार, पैसा, हिशेब तिच्या हातात, आणि तिथे तिचा शब्द चालतो. पण तांडेल मात्र पुरुष. जोडप्यानं गलबत हाकण्याची परंपरा आपल्या किनाऱ्यावर शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. दोन माणसांच्या मोठ्या बोटीचं उदाहरण मात्र अगदी जवळचं आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात नौदलासाठी म्हादेई बांधली गेली, छप्पन्न फुटांची. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिचीच बहीण तारिणी. २०१७-१८ मध्ये तारिणीवर सहा महिला अधिकारी होत्या. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून त्याच बोटीवर दोनच निघाल्या, दिलना के. आणि रूपा ए. केप हॉर्न पार करून मे २०२५ च्या अखेरीस गोव्याला परत आल्या. नवराबायको नव्हेत, सहकारी. पण छप्पन्न फूट आणि दोन माणसं हा हिशेब तोच. त्यासाठी त्यांनी आधी तीन वर्षं एकत्र सराव केला होता.

शेवटी वाँडरर तीनचं काय झालं, ते सांगतो. ती तीस फुटी लाकडी बोट हिस्कॉकांनी विकल्यावर पुढे १९८० च्या दशकात थीस मात्झेन या जर्मन नौकाबांधणी कारागिराकडे आली. तो आणि त्याची जोडीदार किकी एरिकसन तिच्यावरच राहिले. एक वर्ष, दोन वर्षं नाही, काही दशकं. त्याच तीस फुटांत, दक्षिण जॉर्जियाच्या बर्फापर्यंत. १९५५ मध्ये ज्या ब्लू वॉटर पदकानं हिस्कॉक दांपत्याचा गौरव झाला होता, तेच पदक २०११ मध्ये या दोघांना मिळालं. त्याच बोटीसाठी, दुसऱ्यांदा.